होडीला दार

भाकरीचा दुसरा तुकडा मोडत असताना टेबलावरचा मोबाईल थरथरला. निवेदितानं डाव्या हातानं तो सरळ केला. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता. एक निळं दार, नुकतंच रंगवलेलं, खालच्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ तसाच वाळलेला, आणि दाराच्या बरोबर मधोमध, चारी बाजूंनी खळ लावून, नगरपालिकेची नोटीस. खाली आसाराम शिपायानं लिहिलं होतं, ‘नोटीस डकवली. दार घावलं एकदाचं.’ त्याच्याखाली मुख्याधिकारी साहेबांनी अंगठा वर केला होता. घास तिच्या तोंडात तसाच फिरत राहिला. फोटोत होडी दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं. आसारामनं मोबाईल इतका जवळ धरला होता की ते दार गावातल्या कुठल्याही घराचं असू शकलं असतं. पण ते कुणाचं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. ते बसवा म्हणून कडूबाईला तिनंच सांगितलं होतं, आठ दिवसांपूर्वी, गुडघाभर पाण्यात चपला हातात घेऊन उभं राहून, आणि वर शहाणपणानं म्हणालीही होती की मावशी, एकदा दार झालं की तुमचं काम झालं. झालं काम. तिनं डबा बंद केला. भूक गेली असं नव्हतं, जेवणाचाच राग आला होता.

या एका नोटिशीनं तीन आठवडे सगळ्या ऑफिसला नाचवलं होतं. नदीवरच्या बंधाऱ्याला बर्गे टाकले, म्हणजे त्याच्या मोऱ्या लोखंडी फळ्यांनी बंद केल्या, की गावाच्या अंगानं दोन किलोमीटर पाणी उभं राहतं, आणि त्या पाण्यावर चार होड्यांमध्ये चार घरं राहतात. राहतात म्हणजे तिथंच चूल, तिथंच अंथरूण, तिथंच आजारपण. आता त्याच पाण्यात नौकाविहार सुरू व्हायचा होता. पायानं पॅडल मारत चालवायचे बारा प्लॅस्टिकचे हंस टेम्पोतून येऊन काठावर पडले होते, आणि हंसांच्या वाटेत माणसं येत होती म्हणून नोटीस माणसांना. नदीपात्रातलं अतिक्रमण सात दिवसांत काढून घ्यावं, नाहीतर नगरपालिका काढेल. सुरुवात कडूबाईपासून, कारण तिची होडी सगळ्यांत मोठी आणि ती हलली की बाकीच्या तिन्ही आपोआप हलतील, असा साहेबांचा हिशेब. आता नोटिशीची रीत अशी की आधी ती हातात द्यायची. घेतली नाही तर दोन पंचांसमोर राहत्या घराच्या दारावर डकवायची, पंचनामा करायचा, मग सात दिवस सुरू. कडूबाईनं हातात घेतली नाही. आसाराम डकवायला गेला तर दारच नाही. ताडपत्रीवर खळ धरेना. डांबर फासलेल्या लाकडावर डकवली ती अर्ध्या तासात पाण्यात. शेवटी ज्या खुंटाला होडी बांधतात त्याला त्यानं नोटीस गुंडाळून सुतळी बांधली, तर साहेब म्हणाले, खुंट आपल्या हद्दीत येतो, म्हणजे आपण आपल्यालाच नोटीस दिली. ऑफिस त्या दिवशी पोट धरून हसलं. निवेदिताही हसली, पण तिच्या कपाटात कडूबाईचा अर्ज पडून होता आणि तोही या न सापडणाऱ्या दाराशीच अडला होता.

अर्ज काय, एका ओळीचा. घर नंबर मिळावा. कडूबाईचं काठावरचं दोन खणांचं घर मोठ्या पुराच्या दुसऱ्या वर्षी नगरपालिकेनंच पाडलं होतं, निळ्या पूररेषेच्या आत येतं म्हणून. रेषेच्या आत कुणी राहायचं नाही, जिवाला धोका. ठीक. मग घरकुलासाठी अर्ज करा. तेही ठीक. घरकुलाच्या अर्जाला घर नंबर लागतो. नंबराचा पत्रा चौकटीवर होता आणि चौकट जेसीबीखाली गेली, रजिस्टरला नंबरापुढं ‘पाडले’ असा शेरा पडला. घर नसलेल्या माणसाला घर देताना आधी घर दाखव म्हणणारा हा कागद ज्या कुणी तयार केला असेल त्याला एकदा समोर बसवून विचारावं असं निवेदिताला फार वाटायचं, पण समोर दर वेळी तिचीच खुर्ची असायची आणि समोर उभी राहणारी माणसं तिलाच विचारायची. कडूबाई दोन महिने शाळेच्या पडवीत राहिली आणि मग तिनं पुरानंतर पुन्हा उपडी पडलेली सासऱ्याची होडी सुलटी केली. पूल व्हायच्या आधी म्हशीसुद्धा पलीकडं नेणारी जुनी, रुंद तरीची होडी. पुरात तिच्यातूनच तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, बाजारपेठेतली माणसं काढली होती आणि नगरपालिकेनं त्याला शाल दिली होती. तो त्याच वर्षी गेला. शाल कडूबाई अजून पांघरते. पहिल्यांदा टेबलाशी आली तेव्हा ती शाल खांद्यावरच होती. निवेदितानं तिला पूररेषा समजावून सांगितली, नकाशा उलगडून, बोट ठेवून, आणि कडूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, पानी वाढलं की घर बुडतं. हुडी न्हाई बुडत, ती वर येती. तुमची ती निळी रेष आमच्या खालनं जाती.” निवेदितानं नकाशाची घडी घातली.

साहेबांकडं निवेदिता तो अर्ज घेऊन गेली तेव्हा साहेब चिडलेसुद्धा नाहीत. तिला वाटे, माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर राग तरी धरता आला असता. ते समजुतीनं म्हणाले, “मॅडम, मला सांगा, नंबर मारायचा कुठं? चार भिंती राहू द्या, निदान एक दार तर पाहिजे. ज्याला दार नाही त्याला घर कसं म्हणायचं?” आणि निवेदिता म्हणाली, “हो सर.” केबिनमधून बाहेर आली, खुर्चीत बसली, पाण्याची बाटली उघडली आणि तेव्हा तिला कळलं की आपण काय बोलून आलो. शनिशिंगणापुरात जन्मलेली, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत दार नसलेल्या घरात जेवलेली, झोपलेली, आजारी पडलेली, शहाणी झालेली ती. हो सर. जगात दुसऱ्या कुणी हे मान्य केलं असतं तर चाललं असतं. तिनं मान्य केलं होतं, आणि तेही इतक्या पटकन, की साहेबांनी पुढच्या फायलीला हातही घातला होता.

तिच्या वडिलांच्या, नानांच्या घराला चौकट होती, सागाची, वर गणपती कोरलेला, पण तिला दार नव्हतं. गावातल्या जुन्या घरांना नव्हतंच. चौकटीत पडदा असायचा, जांभळ्या फुलांचा, आणि त्याच्या पितळी कड्या वाऱ्यानं काठीवर सरकायच्या, त्या आवाजानं तिला जाग यायची. अजूनही कधी कधी झोपेत तो आवाज येतो आणि जागं झाल्यावर तो पंख्याचा निघतो. नाना शाळेत शिक्षक, आईला पाहुण्यांचा कंटाळा. त्यात शनिवारी, अमावास्येला यात्रेकरू यायचे आणि दर्शन झालं की घरं बघत हिंडायचे. निवेदिता गणितं सोडवत बसलेली असायची आणि पडदा बाजूला करून एखादं अनोळखी तोंड आत यायचं, खरंच दार नाही हो, असं मागच्याला सांगायचं आणि जायचं. एकदा लांबून आलेल्या एका बाईनं आईला विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत?” आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “तुमचीच वाटते.” पुढं निवेदिता नगरला कॉलेजात गेली तेव्हा हॉस्टेलच्या मुलींना गावाचं नाव कळलं की त्या हेच विचारायच्या, भीती नाही वाटत, कपडे कुठं बदलायचा, आणि दुसऱ्या वर्षापासून तिनं सांगायला सुरुवात केली की नाही गं, आमच्या घराला दार आहे, नवीन बांधलंय. किती सहज. कुणी मागितलं नसताना तिनं नानांच्या घराला दार लावून टाकलं होतं. मग नोकरी, लग्न. शौनक नागापूरच्या कारखान्यात, रोज कंपनीच्या बसनं जातो, आणि त्यानं या गावातल्या फ्लॅटला एक लाकडी दार, एक लोखंडी जाळीचं दार, तीन कड्या आणि एक साखळी लावली आहे. अजूनही ती कडी लावायला विसरते. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी विसरते. एकदा दिवसभर दोन्ही दारं सताड उघडी राहिली आणि घरातली एक वाटीसुद्धा हलली नाही, तरी शौनक तो दिवस दर दिवाळीला पाहुण्यांना सांगतो. लोक हसतात. तीही हसते. हसण्यात ती तरबेज झाली आहे.

तर अशा बाईनं कडूबाईला जाऊन सांगितलं, दार बसवा. तिला खरोखरच वाटलं होतं की आपण युक्ती काढली. साहेबांना दार पाहिजे ना, मग देऊ दार. पाण्यात उभं राहावं लागलं, कारण काठावरून होडीत जायची फळी मोडली होती. कडूबाईनं वरून वाकून दोनदा विचारलं, “दार? हुडीला?” आणि नंतर तिच्या तोंडावर जे आलं ते निवेदिताला त्या वेळी कळलं नाही, आज फोटो बघताना कळलं. तो आनंद नव्हता. सरकारी माणसाचं ऐकून बघायचं ठरवल्यावर येतो तो एक निर्विकार शहाणपणा होता. कडूबाईनं पाडलेल्या घराचं दार भाच्याच्या गोठ्यात ठेवलं होतं, तेच आणलं, घासलं, निळा रंग दिला, होडीच्या छपराच्या तोंडाशी दोन खांब उभे करून बसवलं. आणि रंग वाळतो न वाळतो तोच आसाराम.

साहेबांनी आत बोलावलं. ते खूश होते. “मॅडम, पंचनामा आजच करून टाका. उद्यापासून सात दिवस धरू. आसाराम तिथंच आहे, पंचांच्या सह्या तो नंतर घेईल कुणाच्या तरी. तुमचं अक्षर चांगलं आहे.” तिनं पंचनाम्याचे कोरे कागद घेतले, पॅड घेतलं, स्कूटी काढली. दुपारचे तीन वाजत आले होते. ऊन असं की रस्त्याच्या कडेचे उसाचे ट्रॅक्टरसुद्धा सावली शोधत असावेत. वाटेत सिग्नल नाही, गर्दी नाही, तरी ती दोनदा हॉर्न वाजवून एका म्हाताऱ्यावर खेकसली आणि पुढं जाऊन तिचं तिलाच कसंतरी झालं. चीड कुणावर काढायची तेच ठरत नव्हतं. साहेबांवर काढावी तर ते नियमानं चालले होते, आसारामवर काढावी तर तो हुकमाचा माणूस, हंसांवर काढावी तर ते प्लॅस्टिकचे. आणि आतून सारखं एकच कोडं टोचत होतं. दार आहे म्हणावं तर ते घर होतं, पण मग नोटीस लागू होते आणि सात दिवसांत घर जातं. दार नाही म्हणावं तर नोटीस टळते, पण मग ते घरच नाही, नंबर नाही, घरकुल नाही, आणि कडूबाई जन्मभर अतिक्रमण. पाण्यावर राहणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी असं कोंडून घालावं आणि त्या कोंडीची कडी निवेदितानं लावावी. जिला स्वतःच्या घराची कडी लावायची आठवत नाही तिनं.

घाटाच्या वरच्या पिंपळाखाली तिनं स्कूटी लावली आणि नानांना फोन केला. का केला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आई गेल्यापासून नाना गावात एकटेच असतात, ऐकायला चांगलं येतं, बोलणं अजून वर्गात शिकवल्यासारखं. तिनं इकडचं तिकडचं काही न विचारता एकदम विचारलं, “नाना, आपल्या घराला दार नव्हतं, मग घर नंबर कुठं होता?”

“चौकटीवर,” नाना म्हणाले, जणू ते याच प्रश्नाची वाट बघत बसले होते. “आत शिरताना डाव्या हाताला, डोळ्याच्या उंचीवर. गेरूनं लिहिलेला. एकशे बेचाळीस. ग्रामपंचायतीचा माणूस आला होता नंबर टाकायला, नवीन होता, बाहेरगावचा. मला म्हणतो, गुरुजी, दार नाही तर हे राहतं घर धरायचं कसं. मी म्हटलं, बाबा रे, तू आत्ता चहा कुठं बसून पितोयस?”

निवेदितानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. नाना म्हणाले, “कुणी विचारलं का तुला?”

“मीच विचारतेय. आणि रात्री आपण फळी लावायचो ना, नाना? कुत्री येऊ नयेत म्हणून. मग ते दार नव्हतं का?”

“छे. ती टेकवायची. बिजागरी नव्हती तिला. बिजागरी लावली असती तर दार झालं असतं आणि गावात चाललं नसतं. नुसती टेकवली की ती फळीच. कुत्र्यांना तेवढं पुरायचं.” मग त्यांनी तिचा आवाज ऐकला असावा, कारण त्यांनी विचारलं, “जेवलीस का?” आणि ती हो म्हणाली, हेही खोटंच.

आसाराम खाली घोटाभर पाण्यात उभा होता, खळीचा डबा अजून हातात. पन्नाशी उलटलेला, पाथर्डीकडचा, आईबाप ऊसतोडीला जायचे, तो त्यांच्या घरातला पक्क्या नोकरीचा पहिला माणूस. तिला बघून त्यानं डबा मागं लपवला. काठापासून होडी दोन-तीन पावलांवर होती. निवेदितानं चपला काढल्या, सलवार वर धरली आणि पाण्यात उतरली. तळाशी गाळ होता, कोमट, आणि तिच्या टाचा त्यात रुतल्या. लांब पूर्वेच्या अंगाला दोरीनं बांधलेले हंस एकमेकांवर आपटत होते. माणसं बघायला जमली होती, कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं होतं. होडीच्या तोंडाशी दार. फोटोत दिसलं त्यापेक्षा ते जुनं होतं. निळ्या रंगाखाली आधीचा हिरवा, त्याखाली आणखी कुठला तरी, कडेला खिळ्यानं ओरखडलेल्या आडव्या खुणा, एकीवर एक, मुलाची उंची मोजल्याच्या. दार अर्धं उघडं होतं आणि होडी हलली की तेही कुरकुरत हलत होतं, आणि त्याच्यावर नोटीस हलत होती.

“या,” आतून कडूबाई म्हणाली. “बगा तुमचं दार.”

आत बसायला गोधडी होती. सून सत्यशीला, जिचा नवरा कामाला बाहेरगावी असतो, मासे साफ करून उठली, हात धुतले, न विचारता चहाचं आधण ठेवलं. फळीच्या कप्प्यात देव, देवांच्या शेजारी श्रीमंतचा फोटो, दोरीवर ती शाल. कडूबाई निवेदिताकडं बघत नव्हती, बाहेर उभ्या आसारामकडं बघत होती. “तुमी म्हनल्या, दार बशिवलं की घर हुतंय. बशिवलं. आता ह्यो म्हनतो, दार हाय, मंग घ्या नोटीस. मला येक सांगा बाई, दार बशिवत्यात ते कोनी यीऊ नाई म्हून का कोनाला येता यावं म्हून?”

“मावशी, मला हुकूम हुता,” आसाराम पाण्यातूनच म्हणाला. “मी काय माज्या मनानं केलं का.”

“तुला कोन म्हनलं. तू गप.” मग ती निवेदिताकडं वळली, आणि तिच्या आवाजात राग असता तर निवेदिताला सोपं गेलं असतं. “आमाला इतनं कुटं जायाचं ते सांगा फकस्त. काठावर ऱ्हावं तर तुमची रेष. पान्यात ऱ्हावं तर तुमचं ते पक्षी. वर गावात जागा न्हाई. मंग आमी ऱ्हायाचं कुटं, ते तुमच्या कागदात आसंल ना लिवल्यालं. वाचून दावा.”

कागदात लिहिलेलं नव्हतं. निवेदितानं चहाचा कप हातात घेतला. होडीत बसलं की गरगरेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, अंगाखाली सगळं अगदी हळू वर जात होतं आणि खाली येत होतं, पडदा वाऱ्यानं फुगून पुन्हा चौकटीला लागावा तसं, आणि तिच्या खांद्यांतला ताण तिला न विचारताच सैल झाला. कुठल्याही घरात ती पहिल्यांदा बसली की दाराकडं पाठ येऊ नये म्हणून सरकते, ही सवय शौनकनं लावलेली. इथं ती सरकली नव्हती. चहात आलं होतं आणि साखर जास्त होती. तिनं दुसरा घोट घेतला आणि एकदम तिच्या मनात नानांचं वाक्य उभं राहिलं, आणि त्याबरोबर स्वतःचा असा काही वैताग आला की तिला तिथल्या तिथं हसू फुटेल की रडू तेच कळेना. इतकं सोपं उत्तर. जन्मल्यापासून तिच्याजवळ होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा जिभेच्या टोकावर यायला पाहिजे होतं, आणि तिनं काय केलं, तर हो सर म्हणाली आणि एका म्हाताऱ्या बाईला पदरमोड करून निळा रंग आणायला लावला. लाज वाटत होती तिला, दुसरं काही नाही. अठरा वर्षांची असताना वाटायला लागली ती अजून गेली नव्हती, नुसती पदाप्रमाणं बढती घेत आली होती.

तिनं कप खाली ठेवला. “मावशी, पेचकस आहे का?”

सत्यशीलेनं इंजिनाच्या डब्यातून काढून दिला. दाराला दोन बिजागऱ्या, दोन्हींना मिळून आठ स्क्रू. वरचे चार सहज निघाले. खालच्यांना रंग बसला होता, तिला गुडघ्यावर बसावं लागलं, हाताला फोड आल्यासारखं झालं, पेचकस दोनदा निसटून बोटाला लागला. आसाराम घाईघाईनं पाण्यातून पुढं आला. “म्याडम, ह्ये काय करताय तुमी? आवो पंचनामा करायचाय त्याचा.”

“करतेय ना. आधी मी केलेली चूक काढते, मग लिहिते. धरा इकडून.”

तो धरायचं की नाही ते ठरवत उभा राहिला, पण दार झुकलं आणि ते पाण्यात पडू नये म्हणून त्याचे हात आपोआप पुढं झाले. आयुष्यभर हुकूम ऐकलेल्या हातांचं असंच असतं. दोघांनी मिळून दार आडवं केलं. ते चांगलंच जड होतं. कडूबाई इतका वेळ नुसती बघत होती. आता तिनं पुढं होऊन दाराचं एक टोक होडीच्या काठावर ठेवलं आणि दुसरं आसारामला काठाकडं ओढायला लावलं. पाण्यातल्या एका दगडाचा आधार घेऊन ते बरोबर बसलं. नोटीस वरच्या अंगाला. “फळी मोडल्याली हुती,” ती म्हणाली. “ही जरा रुंद हाय. बरी.”

निवेदिता गोधडीवर परत बसली, पॅड मांडीवर घेतलं. आता सगळ्यांत सोपं काय होतं ते तिला दिसत होतं. ‘होडीस दार आढळून आले नाही’, एवढं एक वाक्य लिहायचं, साहेब चडफडतील, नोटीस पुन्हा फेऱ्या मारील, कडूबाईला तीन आठवडे मिळतील. खोटंही नव्हतं. पण ते साहेबांचंच वाक्य झालं असतं, तिच्या अक्षरात, की दार नाही म्हणजे कुणी राहत नाही. पुन्हा एकदा हो सर. तिनं पेनचं टोपण दातांत धरलं आणि लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेली, कारण कडूबाईला वाचता येत नव्हतं आणि तिच्या घराबद्दलचा कागद तिला न ऐकवता न्यायचा नव्हता. “सदर नोटीस आज दुपारी दारावर डकवली, त्या वेळी पंच हजर नव्हते.”

“म्याडम,” आसाराम म्हणाला.

“होते का?”

त्यानं हंसांकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं. पंच नंतर सही करतात, नेहमी तसंच करतात, हे त्या दोघांनाही माहीत होतं. “न्हवते,” तो शेवटी म्हणाला. “लिवा.”

“सदर दार माझ्या सांगण्यावरून बसवण्यात आले होते. ते चुकीचे होते. ते मी माझ्या हाताने काढले आहे. या होडीत श्रीमती कडूबाई व त्यांची सून सत्यशीला राहतात. चूल, देव व अंथरूण समक्ष पाहिले. मी तेथे बसून चहा घेतला. दार नसले तरी हे राहते घर आहे. माझा जन्म शिंगणापूर येथे बिनदाराच्या घरात झाला असून त्या घरास ग्रामपंचायतीने एकशे बेचाळीस हा नंबर दिला होता. तो चौकटीवर होता. या होडीस दोन खांब असून त्यांपैकी डाव्या खांबावर, डोळ्याच्या उंचीवर, नंबर मारता येईल.” तिनं खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख टाकली. होडी हलत होती म्हणून अक्षर नेहमीइतकं चांगलं आलं नाही.

सत्यशीला दाराच्या जागी उभ्या असलेल्या डाव्या खांबाकडं बघत होती. मग कडूबाईनं विचारलं, “ह्यानं आता काय हुईल?”

“मला माहीत नाही, मावशी. साहेब चिडतील. मला कदाचित दुसऱ्या टेबलावर बसवतील, कदाचित त्याहून वाईट. नोटीस पुन्हा येईल. पण आली की तुम्हाला ती न्यायला कोर्ट आहे, आणि तुम्ही इथं राहता हे सरकारी कागदावर आलंय. ते आता कुणाला खोडता येणार नाही. या कागदाचा मी फोटो काढून ठेवणार आहे.”

“तुमचं नुसकान हुईल.”

“होऊ दे,” निवेदिता म्हणाली, आणि तिच्या आवाजात शौर्य वगैरे काही नव्हतं, दिवसभराच्या वैतागानं आलेला एक कोरडेपणा होता. पण तो वैताग आता दिवसात पहिल्यांदा योग्य जागी जाऊन बसला होता. संध्याकाळी शौनकला सांगावं लागणार होतं. तो आधी साखळी लावील, मग बसून ऐकेल, मग विचारील की तुला काय गरज होती. तिला कॉलेजातलं ते खोटं दार त्याला सांगायचं होतं, लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली तरी कधी सांगितलं नव्हतं.

ती उठली. चपला काठावर नव्हत्या, सत्यशीलेनं कधीतरी आत आणून ठेवल्या होत्या. त्या तिनं पायात घातल्या आणि दारावर पाऊल ठेवलं. ते मध्ये थोडं दबलं, कडेनं पाणी वर आलं आणि नोटिशीचा एक कोपरा सुटला.

“म्याडम, नोटिशीवर पाय पडतुया,” मागून आसाराम म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती.

“तुम्हीपण यावरूनच या. पाण्यातून नका येऊ.”

त्यानं खळीचा डबा होडीतच ठेवला आणि तो तिच्या मागून जपून चालत आला. “ह्यो मोबाईलमधला फोटू काय करू?” काठावर आल्यावर त्यानं विचारलं. “साहेबांनी अंगठा दिलाय त्याला.”

“राहू दे. रंग चांगला दिलाय मावशींनी.”

पिंपळाखाली येऊन तिनं स्कूटीला किल्ली लावली. बोटाला पेचकस लागला होता तिथं रक्त येऊन सुकलं होतं. खाली हंसांच्या बाजूला कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. तिनं होडीकडं वळून पाहिलं. कडूबाईनं नि सत्यशीलेनं ती निळी फळी काठावरून आत ओढून घेतली होती आणि दोन खांबांच्या मध्ये, बिजागरीशिवाय, आडवी टेकवून ठेवली होती.